जीपचा तिसरा दिवा

लढाईत वापरलेल्या जीपगाड्या लिलावात निघू लागल्या तेव्हा माझ्या मित्राने अकोल्याहून एक आणली. गाडी घेतली त्याच्या वडिलांनी, पण ती चालवायला हात माझे लागणार होते. आम्ही दोघं किन्हीराजाचे, चौथीपर्यंत एका बाकावर बसलेले. मी कारंज्याला एका जिनिंगच्या ट्रकवर तीन वर्षं काढली होती, आधी क्लीनर म्हणून आणि मग ड्रायव्हर म्हणून. तो मला न्यायला तिथे आला. कापसाच्या गाठीवर बसून म्हणाला, "सोड बे हे. आता आपली गाडी हाय. तू चालवजो, मी लोकं जमवतो." त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली.

जीपचं स्टेअरिंग डाव्या हाताला होतं आणि अंगावरचा हिरवा रंग जागोजाग उडाला होता. जऊळक्याच्या स्टेशनावर उतरलेली माणसं किन्हीराजाला आणि वाटेवरच्या वस्त्यांना पोचवायची, एवढाच आमचा धंदा. दिवसा तो चांगला चाले. अडचण संध्याकाळच्या गाडीची होती. ती दिवेलागणीला यायची आणि थंडीच्या दिवसांत तोवर चांगलाच अंधार पडलेला असायचा. जीपच्या जाळीत बसवलेले दोन दिवे बारीक आणि पिवळट. समोर दहा पावलांपलीकडे रस्ता आहे की नाला, हे अंदाजाने ओळखावं लागे.

एका संध्याकाळी तो अंदाज चुकला. पुलाजवळ रस्ता खचला होता, तो मला दिसलाच नाही. पुढचं चाक खाली गेलं आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गुरुजींचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर हात गळ्यात बांधून बसले होते. म्हणाले, "तुहा दोष नाई बापा. दिव्याचं पाह्य जरा." त्यानंतर अंधार पडला की मी गाडी काढेनासा झालो. संध्याकाळच्या गाडीची माणसं स्टेशनवरच घोंगडी पांघरून पडत आणि सकाळी निघत. लेकुरवाळ्या बायका तशा पडलेल्या पाहिल्या की मला लाज वाटे.

वाशीमला एक मिस्त्री होते, मोटारींच्या विजेचं काम करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, दिव्यांवर हात धरून पाहिला आणि हसले. "दिव्याचा कुसूर नाई बेटा. रक्तच पोचून नाई राह्यलं त्याले."

लष्कराची ती गाडी सहा व्होल्टची होती. तारा जुन्या, बारीक, आतून हिरव्या पडलेल्या. चाचांच्या अंगणात एक मोडकी लॉरी उभी होती. तिचा बारा व्होल्टचा डायनामो काढायचा, बॅटरी नवी घ्यायची, तारा जाड टाकायच्या आणि लॉरीचेच मोठे दिवे बसवायचे असं ठरलं. मोठे दिवे जाळीच्या भोकात मावेनात, म्हणून पुढच्या मडगार्डवर लोखंडी पट्ट्या ठोकून ते त्यांवर बसवावे लागले. स्टार्टर मात्र जुनाच ठेवला. चाचा म्हणाले, "बारावर जोरात फिरीन तो. इंजिन धरलं की लगेच पाय उचलजो, नाई तर जळून जाईन." महिनाभर मी एक दिवसाआड वाशीमला जात होतो. तारा ओढायला, डाग द्यायला, पट्ट्यांना भोकं पाडायला, सगळीकडे माझा हात होता. बोटांना सोल्डरिंगचे चटके बसले तरी त्यांचं मला काही वाटत नव्हतं.

मित्र अधूनमधून सोबत येई आणि मला शाबास म्हणे. काम अर्ध्यावर आलं तेव्हा तो म्हणाला, "चाचा, एक दिवा वरबी लावा. काचेच्या बाजूले. हातानं फिरवता येईन असा."

"तो कायले?" मी विचारलं.

"वळणावर. गाडी वळ्याच्या आधी दिवा वळवाचा. पुन्हा कोनाचा हात मोडाले नाई पाह्यजे."

मला ते फार आवडलं. गुरुजींचा मोडलेला हात त्याच्याही ध्यानात आहे असं वाटलं. त्या दिव्याची दांडी मीच बसवली आणि बटण कुठे असावं हेही मीच ठरवलं. चाचा नुसते आमच्या दोघांकडे पाहत होते. तेव्हा त्यांच्या त्या पाहण्याचा मला अर्थ लागला नाही.

दिवे जुळवायचं काम एका संध्याकाळी झालं. जीप एका लांब पांढऱ्या भिंतीसमोर उभी केली. चाचांनी भिंतीवर कोळशाने आडवी रेघ ओढली आणि दोन्ही दिव्यांचे झोत तिच्या खाली येईपर्यंत पेच पिळत बसले. मग मला गाडीसमोर चालत यायला लावलं. उजेड माझ्या छातीपर्यंत आला, डोळ्यांत गेला नाही. तेव्हा कुठे त्यांनी पेच घट्ट केले.

पहिल्या फेरीला जऊळक्याहून तीन माणसं होती. वाटेवरच्या एका वस्तीवरची मावशी, तिची सून आणि अकोल्याच्या दवाखान्यात जन्मलेलं बारा दिवसांचं बाळ. स्टेशन सोडून दिवे लावले तर रस्त्यावरचा खडान् खडा दिसायला लागला. दोन्ही बाजूंची तूर, बांधावरच्या बोरी, पुढून येणाऱ्या बैलगाडीचं जू, सगळं लख्ख. मावशीने सुनेच्या डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "बाप्पा! दिवसच उगवला जनू." तिच्या वस्तीपाशी उतरवलं तेव्हा तिने मला थांबवलं. गोठ्यात गाय होती, ती आठपंधरा दिवसांत विणार होती. "खरवस खायले येजो बरं का," तिने मला बजावलं.

मी मित्राला गाडी चालवायला शिकवलं होतं. त्याच्या वडिलांचा त्याला सक्त विरोध होता. मित्राचा मोठा भाऊ घोड्यावरून पडून वारला होता आणि तेव्हापासून वडील त्याला बैलगाड्यांच्या साध्या शर्यतीतही उतरू देत नसत. म्हणून आम्ही दुपारी माळावर जायचो. "बापूले सांगजो नको," त्याने माझा हात धरून सांगितलं होतं. मी शब्द दिला आणि पाळला.

त्या पहिल्या फेरीनंतर थोड्याच दिवसांत धनजला बहिणीच्या घरी बारसं होतं. मी दोन दिवसांसाठी गेलो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परतलो. जीप मित्राच्या वाड्यापुढे कडुनिंबाखाली उभी होती. गाडी धुतलेली होती. त्याने आजवर कधी गाडीवर तांब्याभर पाणीही ओतलं नव्हतं. वरचा दिवा उजवीकडे, शेतांच्या दिशेला वळलेला होता. स्टार्टर दाबला तर इंजिन कण्हलं आणि गप्प झालं, बॅटरी बसली होती. मागच्या बाकाखाली हात घातला तर एक रिकामं काडतूस लागलं आणि लाकडी फळीच्या फटीत हरणाचे तांबूस केस अडकलेले दिसले.

मित्र आतून आला. मी विचारलं, "गाडी कोठी नेली होती?"

"कोठीच नाई. तुह्याबिगर कोन नेते?"

काडतूस माझ्या मुठीत होतं. ते मी त्याला दाखवलं नाही. हरणाच्या शिकारीला कुणी मागितली असेल, भिडेपोटी दिली असेल, सांगायला लाजत असेल, अशी मी माझीच समजूत घातली. मग दोघांनी मिळून गाडी ढकलली, ती चालू झाली आणि मी जऊळक्याला निघालो.

वस्तीपाशी पाचसात माणसं रस्ता अडवून उभी होती. पुढे मावशी होती. तिने बोनेटवर दोन्ही हात आपटले.

"माही गाय काहून मारली रे तू?"

मला काही कळेना. तिच्या मुलाने सांगितलं. आदल्या रात्री जीप रस्ता सोडून शेताच्या कडेने हळूहळू फिरत आली होती. वरचा दिवा इकडे तिकडे फिरत होता. तो गोठ्याकडे वळला, गायीचे डोळे चमकले आणि गोळी सुटली. जीपमधल्या माणसांना ती रोही, म्हणजे नीलगाय, वाटली असावी. वस्तीतले लोक धावले तोवर जीप निघून गेली.

"मी नव्हतो मावशी. मी धनजले होतो."

"मंग कोन होतं? हे दिवे दुसऱ्या कोनत्या गाडीले हायेत? सकाळी तुह्या दोस्तालेच इचारलं आमी. तो म्हने, गाडी ड्रायव्हरजवळच राह्यते."

मी त्या दिवशी स्टेशनवर गेलोच नाही, तिथूनच गाडी परत फिरवली. सरळ त्याच्या घरी गेलो तर तो घरी नव्हता, किंवा नाही असं मला सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर पंच बसले. मावशी आणि तिचा मुलगा आले होते. मित्राचे वडील खांबाला टेकून बसले होते आणि तो त्यांच्या शेजारी. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पंचांनी त्याला विचारलं तेव्हा तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "गाडी हा चालवते. मले तर चालवताच येत नाई. बापूले इचारा."

वडिलांनी मान हलवली. त्यांना तेच खरं वाटत होतं.

चावडीतल्या सगळ्या नजरा माझ्याकडे वळल्या. ज्या गोष्टीसाठी त्याने माझा शब्द घेतला होता, तीच तो माझ्यावर उलटवत होता. मी गप्प राहणार याची त्याला खात्री होती, कारण मी आजवर गप्पच राहिलो होतो. मी म्हणालो, "त्याले गाडी येते. म्याच शिकवली, माळावर."

वडिलांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "खोटं बोलून राह्यला बापू. सोतावर आलं म्हनून माह्यावर ढकलून राह्यला."

मी धनजला होतो हे सांगितलं. पंच म्हणाले, तिकडून माणूस येऊ दे, मग पाहू. उठता उठता एक जण बोललाच, "गाईची हत्या हाय. ज्यानं केली त्याचं बरं नाई होनार." बोलताना तो माझ्याकडे पाहत होता.

त्याच दुपारी मी जीप घेऊन वाशीमला गेलो. चाचांना म्हटलं, वरचा दिवा काढा. त्यांनी पाना हातात घेतला आणि थांबले. "काहून? शिकार बंद झाली का?"

"कोनती शिकार?"

चाचांनी पाना खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. मी पहिल्यांदा गाडी घेऊन आलो त्याच्याही आधी माझा मित्र त्यांच्याकडे येऊन गेला होता. अकोल्याची दोन बडी माणसं त्याच्या ओळखीची होती. त्यांना शिकारीला गाडी हवी होती आणि तिला लांब उजेड टाकणारा फिरता दिवा हवा होता. "मले वाटलं तुले ठाऊक हाय. त्या दिवशी तो वळनाचं बोलला तवा मी म्हटलं, हसी-मजाक करून राह्यला." चाचांचा चेहरा उतरला होता. "तुले ठाऊक नव्हतं, बेटा?"

गाय मेली ते चुकून मेली असेल. चावडीवर तो खोटं बोलला ते वडिलांच्या धाकाने बोलला असेल. हे सगळं मी कसंतरी गिळलं असतं. पण महिनाभर मी चटके खात तारा ओढत होतो, तेव्हा तो शेजारी उभा राहून मला शाबास म्हणत होता, आणि त्याच्या मनात सुरुवातीपासून हे होतं. गुरुजींचा हात त्याने नुसता बोलायला वापरला होता. मी चाचांच्या अंगणातल्या टायरवर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. त्यांनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

दिवा काढला. जीप नेऊन त्याच्या दारात उभी केली आणि पायी घरी आलो. त्यानंतर मी तिला हात लावला नाही.

चार दिवसांनी धनजहून मेहुणे आले आणि पंचांना सांगून गेले. त्यासाठी पुन्हा चावडी भरली नाही. मित्राच्या वडिलांनी आपल्या गोठ्यातली एक दुभती गाय वासरासकट मावशीच्या वस्तीवर पोचवली, कशासाठी ते कुणाला न सांगता. ज्यांना समजायचं त्यांना समजलं. पण माझ्यावर आळ सगळ्यांसमोर आला होता आणि तो गेला मात्र कानोकानी. ज्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही, ते पुढे कित्येक वर्षं मला बघून आवाज खाली करत. मावशी एकदा बाजारात भेटली. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

पुढे मी सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून लागलो. एकदा मालेगावला तो माझ्या गाडीत चढला. केस पिकायला लागले होते. ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसला आणि मागून म्हणाला, "काय बे, बरा हायेस ना?" जणू कालच भेटलो होतो.

"बरा हाय," मी म्हणालो.

किन्हीराजा यायला वेळ होता. वाटभर मी वाट पाहिली. चावडीवर नाही, तर इथे, या वीसपंचवीस अनोळखी माणसांत, हळू आवाजात का होईना, तो खरं सांगणारं एक वाक्य बोलेल असं मला वाटत होतं. तो पिकाबद्दल बोलला, मुलीच्या लग्नाबद्दल बोलला, रस्ता आता चांगला झाला म्हणाला. स्टँड आलं तेव्हा धोतराचा सोगा सावरत उतरला, खालून हात वर केला आणि निघून गेला. कंडक्टरने निघायची घंटी मारली, मग पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा मी गाडी सोडली.