अकरा वाजताचं पाणी

मुलांनो, परवा फोनवर मी म्हटलं, "काल दिवसभर पंचायतीत बसले होते," तेव्हा धाकटीने घाबरून विचारलं, "आजी, तुला पकडून नेलं होतं का?" मी हसत सुटले, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि उत्तर राहून गेलं. येत्या आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्यानंतर बरेच दिवस वही हातात धरू देणार नाहीत. माझ्याकडून कुणाचं उत्तर द्यायचं राहिलं की मला चैन पडत नाही, हे तुमच्या आईला विचारा. म्हणून आजच सगळं नीट लिहून ठेवते.

आपलं गाव तिसगावच्या अलीकडे, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या गल्लीच्या वरच्या तोंडाशी पाण्याची टाकी आहे आणि टाकीला लागून पहिलं घर आपलं. तिथून गल्ली उतरत उतरत ओढ्यापर्यंत जाते. ओढ्याजवळ बौद्धवाडीतली पाच घरं. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. ते यायचं सकाळी अकराला. आधी वरच्या घरांना, मग दीड तासाने वॉल, म्हणजे पाइपाचा व्हॉल्व्ह, फिरवून खालच्या घरांना. मी नगरची शाळेची नोकरी संपवून इथे राहायला आले तेव्हापासून हे असंच होतं. मला त्यात काही खटकत नव्हतं. अकरापर्यंत माझी पूजा, स्वयंपाक, पेपर सगळं आटपलेलं असे.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका संध्याकाळी अगदी शेवटच्या घरातली ताई माझ्याकडे आली. चाळिशीची, नवरा गेलेला, कांदा लागवडीच्या टोळीत जाणारी. लागवडीत तिचा हात असा चालतो की शेजारच्या दोघी मिळून एक वाफा उरकतील तोवर तिचा झालेला असतो. टोळीचा टेम्पो सकाळी आठला निघतो तो दिवस मावळता परततो. म्हणजे पाण्याच्या दिवशी तिला घरीच बसावं लागे.

"बाई, मुकादमीण म्हनली, दर पाच दिसाला तुजा खाडा. आता आनखी एक खाडा झाला की दुसरी बाई घेते. तिचंबी खोटं न्हाई. वाफा आडून राहतो."

"शेजारणीला सांग ना पाणी भरायला."

"सांगितलं की. दोनदा भरलं तिनं. पर तिच्याबी घरी सा मानसं हायती. किती दिस दुसऱ्याच्या जिवावर पानी पिऊ? तुमी एक अर्ज लिवून द्या. सकाळी लौकर सोडा म्हनावं."

अर्ज म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारलं विचारू नका. मी विषय लिहिला, संदर्भ लिहिला, सहा मुद्दे क्रमांक घालून लिहिले. प्रत्येक मुद्द्याखाली कारण. तिसगावला जाऊन दोन झेरॉक्स काढल्या. पंचायतीत दिला तेव्हा माझ्या प्रतीवर पोच घेतली, आवक क्रमांकासकट. ती पोच फाइलला लावून मी घरी आले आणि काम झालं असं समजून चहा केला.

पुढच्या पाचव्या दिवशी पाणी अकरालाच आलं. ताईचं पाणी तिसऱ्यांदा शेजारणीनेच भरलं.

मग टोळीला बाजाराची सुट्टी होती त्या दिवशी आम्ही चौघी पंचायतीत गेलो. मी, ती ताई, तिची शेजारीण आणि माझ्या चुलत जाऊबाई. जाऊबाई ऐंशीच्या पुढच्या, मला अजूनही 'धाकटे' म्हणून हाक मारतात. टेबलामागे ग्रामसेवक बसले होते. त्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं. तरुण, सभ्य माणूस, तीन गावांचा कारभार एकटा बघणारा. शेजारच्या खुर्चीवर सरपंचबाईंचे यजमान. सरपंचबाई स्वतः बाकावर, पदर सावरून, पाहुण्या आल्यासारख्या.

भाऊसाहेब म्हणाले, "बाई, तुमचा अर्ज वाचला. इतका सुंदर अर्ज मी नोकरीत पाहिला नाही. पण वेळ मी ठरवलेली नाही. महिला सभेच्या ठरावाने ठरलीय."

"कुठल्या महिला सभेच्या?" मी विचारलं. "इथे कधी महिला सभा झालेली मला तरी आठवत नाही."

त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. वर निळ्या शाईत लिहिलं होतं: सकाळी अकरा ही वेळ सर्व महिलांना सोयीची असल्याने पाणी त्याच वेळी सोडण्यात यावे, असे सर्वानुमते ठरले. खाली सह्यांची रांग. पहिली सही इंग्रजीत, वळणदार, खाली दोन रेघा मारलेली. माझी.

आता हे कसं झालं ते सांगते, कारण चूक माझी आहे आणि ती मी लपवणार नाही.

मोठ्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायकांची वेगळी सभा भरवायची, असा नियम आहे. आमच्याकडे ती सभा घरोघर भरत असे. पंचायतीचे शिपाईमामा रजिस्टर काखेत मारून दारोदार फिरत. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून मी त्यांना खुर्ची द्यायची, पाणी, चहा. मग ते कोरं पान उघडत आणि बोट ठेवून म्हणत, "इथं करा बाई. वरचं भाऊसाहेब लिव्हतील." टाकीजवळचं पहिलं घर आपलं, म्हणून पहिली सही माझी. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मी शाळेत किती वर्गांना बजावलं असेल! पण दारात आलेल्या माणसाला, तेही दुखऱ्या गुडघ्यांच्या, 'आधी वरचं लिहून आणा' असं म्हणणं मला उद्धटपणाचं वाटे. माझंच नव्हे, साऱ्या गल्लीचं तेच. कोऱ्या पानावर सही करणं हा आमच्याकडे पाहुणचाराचा भाग होता.

ताईने मान वाकडी करून पान पाहिलं. खालून तिसरी सही तिची होती.

"म्हंजी मीच सांगितलं व्हय, मला अकराला पानी द्या म्हनून?"

"तुझी खाली तरी हाय," जाऊबाई म्हणाल्या. "आमची धाकटी बघ, वराती म्होरं!"

सगळे हसले. मीसुद्धा हसले, पण कानशिलं तापली होती. भाऊसाहेबही ओशाळले. ते म्हणाले, "मागच्या वर्षीचं बघून उतरवत गेलो, बाई. कुणी विचारलंच नाही." मग रजिस्टर मिटत म्हणाले, "ठराव बदलायला ठरावच लागतो. प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा आहे. आदल्या दिवशी सभा घ्या. खरोखरची."

तोपर्यंत पाण्याचा आणखी एक दिवस येणार होता. त्या दिवशी ताईच्या दारात पाणी मी भरलं. तिच्याकडे पिंप एक, हंडे चार, आणि नळाची धार करंगळीएवढी. दोन तास लागले. मधेच कंबर धरून ओट्यावर बसले तेव्हा शेजारीण म्हणाली, "काय बाई, अर्ज लिवनं सोपं व्हतं ना?" खरं सांगायचं तर होतं.

सभेला शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी घातली. वाटलं होतं दहाजणी येतील. चाळीसेक आल्या. टोळी त्या दिवशी उशिरा निघाली, कारण मुकादमीण स्वतःच आली होती. सरपंचबाईंचे यजमान नेहमीच्या सवयीने पुढच्या खुर्चीवर येऊन बसले. जाऊबाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं.

"पोरा, ही बायांची सभा हाय. बसायचं तर लुगडं नेसून ये. माझं एक जुनं देते."

ते हसत हसत उठले आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. खुर्ची मोकळी झाली, तशी सरपंचबाई तिच्यावर बसल्या. घसा साफ करून म्हणाल्या, "पान्याचं बोला. एकेक बोला."

मी माझे सहा मुद्दे घेऊन उभी राहिले. तिसऱ्या मुद्द्याला मागे कुजबुज सुरू झाली, चौथ्याला मुकादमीण जांभई देताना दिसली. मी खाली बसले. मग ताई उठली.

"अकराला पानी येतं तवा आमी वाफ्यात असतो. घरी राह्यलं तर काम जातं. सकाळी सोडा. बास."

मग खरा गलका झाला. वरच्या घरांतल्या दोघीतिघींना अकराच बरी होती. कुणाचं दुकान, कुणाचा डबा. वॉल फिरवणाऱ्या वॉलमनला बोलावलं. तो म्हणाला, "साडेसहाला मी आलो तर म्हशीची धार कोन काढनार? डेअरीवर दूध सातच्या आत लागतं."

"धार काढून, दूध घालून या की," ताई म्हणाली. "सात वाजूद्या. पर वॉल आदी आमचा खोला. वरच्या घरांस्नी नंतर."

आजवर पाणी वरून खाली आलं होतं. ते उलटं करता येतं, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. वॉलमन डोकं खाजवत म्हणाला, "येतंय की. वॉल काय, कुनाचाबी आदी फिरतो. पर टेम्पो आठला हाय तुमचा. तासात भरंल का?"

"पहिल्या जोरात भरंल. टाकी भरलेली असते तवा धार अंगठ्याएवढी येती."

वरच्या घरातली एक म्हणाली, "आन आमाला मागनं तळातलं गढूळ?" सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या, कारण पहिलं घर आपलं. मी दिवसभर घरी असते, माझ्याकडे गच्चीवर टाकी आहे आणि पाणी मी तसंही गाळते, उकळते. दोन तास करंगळीएवढी धार पाहून झाल्यावर मला फार विचार करावा लागला नाही. मी म्हटलं, "माझ्याकडे शेवटी आलं तरी चालेल." बाकीच्या कुरकुरल्या, पण हळूहळू हात वर झाले. दोघींचे झाले नाहीत. त्यांची नावंही लिहा असं मी सांगितलं. त्यावर त्या रागावल्या, पण लिहिली.

शिपाईमामांनी सवयीने रजिस्टर माझ्यापुढे धरलं. जाऊबाईंनी ते हाताने मागे ढकललं. "आदी लिव्हा. मग वाचा. मग बघू."

भाऊसाहेबांनी तिथेच बसून लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: पाणी सकाळी लवकर सोडण्यात यावे.

"लौकर म्हंजी किती?" ताईने विचारलं. "सात लिव्हा."

त्यांनी खोडून सात लिहिलं. ती म्हणाली, "आन आदी खालची घरं, तेबी लिव्हा." तेही लिहिलं. मग परत सगळं वाचलं, आणि मगच सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत रस्त्याच्या भांडणात आमचा ठराव कुणाच्या लक्षातही न येता मंजूर झाला. पाण्याच्या पुढच्या दिवशी सातला दहा कमी असताना मी ओढ्याकडे उतरले. वॉलमनच्या अंगाला दुधाचा वास येत होता. ताईचं पिंप पावणेआठला भरलं. तिने पदराने हात पुसले, भाकरीचं फडकं उचललं आणि टेम्पोकडे पळाली. माझ्याशी बोलायलासुद्धा थांबली नाही. मला बरं वाटलं.

तेव्हापासून बरंच काही बदललं. भाऊसाहेबांची बदली झाली. गेल्या उन्हाळ्यात नळ आटले आणि टँकर आला तेव्हा सात, अकरा सगळं मोडलं. पाऊस झाल्यावर वेळ परत सातवर आणायला आम्हाला तीनदा पंचायतीत जाऊन बसावं लागलं. आताशा सात म्हणजे कधी सव्वासात असते; फोनवर सांगितलं ते दिवसभर बसणं त्याचसाठी होतं, मला कुणी पकडून नेलं नव्हतं. बायकांच्या सभेला चाळीस येत नाहीत, पंधरा येतात. माझ्या घरी पाणी शेवटी येतं, बारीक आणि थोडं गढूळ.

पण पाण्याचा वॉल अजून आधी खालच्या घरांचाच उघडतो, आणि ताई अजून टोळीत आहे.