टेम्पोभर कपड्यांवर एक पातेलं

वर्ध्याहून आमचा टेम्पो निघाला तेव्हा वॉर्डातल्या महिला मंडळाने त्याला हार घातला, मला नाही. टेम्पोत जबलपूरच्या पूरग्रस्तांसाठी गोळा केलेले कपडे होते आणि ते वाटायची जबाबदारी माझी होती. आमच्या खानदानातली मी पहिली पदवीधर. बाप हमाली करायचा, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. त्यामुळे परप्रांतात कोणाशी बोलायचं असलं की मंडळाच्या अध्यक्षा मालतीकाकू माझंच नाव घेतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

नागपूर मागे पडलं, सागाचं जंगल लागलं. शिवनीच्या पुढे चहाला थांबलो, तेवढ्यात माकडांनी एक पोतं फाडलं. एकाने सफारी कोट ओढून काढला, उलटापालटा करून पाहिला आणि रस्त्यावर टाकून दिला. मी तो झटकून परत पोत्यात कोंबला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

जबलपुरात अधारतालला मालतीकाकूंच्या बहिणीकडे, कुंदाताईंकडे उतरले. त्यांचं सगळं आयुष्य तिथेच गेलंय. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरतात ते त्यांचं त्यांनाही कळत नाही.

"काहून उभी राहिली दारात? आ न अंदर! थकून गेली असशील."

सकाळी त्यांनी पोहे आणि काळीकुट्ट जिलबी समोर ठेवली. "ताई, ही जळली वाटते," मी म्हटलं.

"जळली नाही, खोव्याची आहे. इथली खासियत. तू खा तर पहिले!"

खाल्ली. मग न विचारता आणखी दोन घेतल्या.

शहरातल्याच घमापुरात, बाजाराच्या मागे नाल्याकाठी पूरग्रस्तांची वस्ती होती. भिंतींवर माणसाच्या खांद्याइतकी चिखलाची रेघ. छपरांवर गाद्या वाळत घातलेल्या, दोरीवर चिमटे लावून पोरांची वह्या-पुस्तकं. चाळीसेक घरं पाण्यात गेली होती, एवढंच कुंदाताईंनी फोनवर सांगितलं होतं. माणसं काय काम करतात ते मीही विचारलं नव्हतं. गरीब आहेत म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?

मी टेम्पोवर चढून माझ्या कॉलेजातल्या हिंदीत भाषण केलं. घरटी एक जोड मिळेल, तो अंगात घालायचा आणि फोटो काढायचा. विकायचं नाही. हा मंडळाचा नियम होता आणि तो मीच सुवाच्य अक्षरात लिहिला होता.

पुढे उभ्या असलेल्या गेंदाबाई नावाच्या बाईने तोच सफारी कोट उचलला. अस्तर तपासलं, बाही ओढली, कापड उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "दीदी, इस पे तो कटोरी भी नहीं आएगी." (ह्यावर तर वाटीही येणार नाही.)

सगळ्या बाया खो-खो हसल्या. कुंदाताईंनी कपाळाला हात लावला. "अगं, ह्या तर बर्तनवाल्या! जुने कपडे घेऊन भांडी देतात न, त्या!"

म्हणजे आपल्याकडच्या बोहारणी. घरोघरचे जुने कपडे घ्यायचे, शिवून-धुऊन आठवडी बाजारात विकायचे, हा त्यांचा धंदा. आणि आम्ही त्यांनाच जुने कपडे दान करायला एवढ्या लांबून आलो होतो.

"मग तुम्हाला काय पाहिजे?" मी विचारलं.

"पहनने का तो सब दे गए," गेंदाबाई म्हणाली. "धंधे का माल बह गया. बर्तन भी, कपड़े की गठरियां भी. दोनों लड़कियां मौसी के यहां भेज दीं, स्कूल छूट गया उनका. कल पनागर में बाजार है. दुकान लग जाए तो ले आऊं. अभी बुला के क्या खिलाऊं?"

कुंदाताई माझ्या कानाशी आल्या. "विकून टाकतील हं सगळं! मालती मला जन्मभर ऐकवून राहील."

मी कोटाकडे पाहत उभी राहिले. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी जो पंजाबी ड्रेस घातला होता, तो आईने आठवडी बाजारातल्या असल्याच ढिगातून उपसून आणला होता. तो कोणीतरी विकला होता, म्हणून मला मिळाला. आणि कॉलेजात कोणाच्या बापाला कळलं नव्हतं.

"सगळं घ्या," मी म्हटलं. "विका."

तर गेंदाबाई घेईना! "ऐसे कैसे? मुफ्त का माल धंधे में नहीं लेते. बोहनी बिगड़ती है." (भवानी बिघडते.) घरात जाऊन तिने एक वाटी आणली, माझ्यासमोर ठेवली आणि मांडी घालून बसली.

"राहू द्या हो," मी म्हटलं. तिचा चेहराच पडला.

"अगं, भाव कर न तिच्याशी!" कुंदाताई खेकसल्या. "भाव न करता सौदा होते का कधी?"

मग मीही खाली चिखलात फतकल मारली. शेवटी मी माझ्या आईची लेक आहे.

"गाडीभर के कपड़े और एक कटोरी? दिनदहाड़े लूट रही हो!"

"कोट की जेब फटी है, दीदी."

"जेब फटी है, बाकी कोट तो साबुत है! और ये शेरवानी? एक ही बार पहनी है दूल्हे ने."

"फिर शादी टिकी नहीं होगी," ती म्हणाली आणि वस्ती हसून लोळली.

वाटीची ताटली झाली, ताटलीचं पातेलं झालं. बुडाला पोचा होता, पण पुरातून वाचलेलं ते तिचं सगळ्यात मोठं भांडं होतं. मी मान डोलावली. बायांनी टाळ्या वाजवल्या आणि पोरांनी पोती उतरवून घरोघर न्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी पनागरच्या बाजारात भाजीवाल्यांच्या बाजूला गेंदाबाईचं दुकान लागलं. शेरवानी सगळ्यात आधी गेली, एका बँडवाल्याने घेतली. सफारी कोट बाजार उठेपर्यंत तिथेच होता.

वर्ध्याला परतताना मनात एकच गोष्ट होती. देणारी म्हणून मी टेम्पोवर उभी राहून बोलत होते, तेव्हा माझं कोणी ऐकलं नाही. खाली बसल्यावर ऐकलं.

मंडळाच्या बैठकीत पातेलं मधोमध ठेवलं होतं. मालतीकाकूंनी ते टिचकी मारून वाजवून पाहिलं. "टेम्पोभर कपड्यांवर एवढंच?"

मी सगळं सांगितलं. त्याच सकाळी कुंदाताईंचा फोन आला होता, तेही सांगितलं: गेंदाबाईच्या दोन्ही पोरी घरी आल्या, शाळेतही जाऊ लागल्या.

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"पोरी आल्या न? मग भरून पावलं," त्या म्हणाल्या. पातेलं पुन्हा हातात घेतलं, गोल फिरवलं. "पण एवढी बी. ए. झालेली तू, झाकण तरी मागायचं!"