चपट्या नाकाच्या गोळ्या

आम्ही दोघं आयर्लंडमध्ये गॉलवेला लेकीकडे होतो तेव्हाची गोष्ट. रेनकोट घ्यायला मी एका दुकानात शिरले, तर तिथे रेनकोट, मासे धरायचे गळ आणि बंदुकीच्या गोळ्या, सगळं एकाच ठिकाणी. काउंटरवर एक आजोबा भेंडी निवडावी तशी एकेक चपट्या नाकाची शिशाची गोळी फिरवून बघत होते. नेमबाजीच्या क्लबात परवानगीने काडतुसं स्वतः भरायचे म्हणे. दुकानदाराने चकचकीत, टोकदार गोळ्या पुढे केल्या. आजोबांनी त्या कोपराने सरकवल्या.

"माझ्या रायफलीत काडतुसं एका नळीत एकामागे एक बसतात, मिसेस," ते मलाच सांगायला लागले. "टोकदार गोळी पुढच्याच्या बुडाला टोचली, तर बार आतच उडायचा आणि मी बायकोच्या आधी जायचो. आणि रविवारी क्लबच्या स्पर्धेत मला तिला हरवायचंय. दरवर्षी तीच जिंकते."

"मग चपट्यातल्याच जरा महाग घ्या की," मी म्हटलं.

"कशाला? ज्या कागदावर मारायच्या, त्याला किंमत कळते का?"

"आणि तिची काडतुसं कोण भरतं?"

"मीच. चांगली भरतो, तीच तर पंचाईत आहे."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. रमीत माझी पानं चोरून बघणारे हे, म्हणाले, "मग म्हातारा हरणारच."

आजोबा हरले असतीलही. पण रमीचा एक डाव त्यांच्याशी मांडायला मला आवडलं असतं.