बांधावरची पलटण

अठ्ठ्याण्णव साली हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन माले गावच्या घरी आले, तेव्हा मला फार आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर आठवड्याभरात मला ते नकोसे झाले. सुट्टीपुरता येणारा पाहुणा आता रोज घरात! इतकी वर्षं शेत, बैल, सासूबाई सगळं मीच सांभाळलेलं. कमरेला किल्ल्या खोचून फिरणारी जनरलीणच होते मी. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

आवणी सुरू झाली. आळीतल्या बाया आळीपाळीने एकमेकींच्या खाचरात भात लावायच्या. हे दोरी घेऊन बांधावर उभे. "रांग सरळ पायजे. उजवीकडनं सुरुवात."

धाकटी जाऊ चिखलातूनच म्हणाली, "भावजी, भाताची काय परेड हाय व्हय?"

सगळ्या खिदळल्या. वर मी म्हणाले, "असू द्या गं, त्यांना दुसरं येतंय काय!"

यांनी दोरी गुंडाळून घेतली. रात्री जेवताना म्हणाले, "हिंजवडीकडं रखवालदाराची नोकरी हाय. ऱ्हायाची सोय तितंच. उद्या सांजच्याला पौडचा माणूस उत्तर न्यायला येतोय. हितं माजं काय काम हाय?"

'जाऊ नका' एवढंसुद्धा माझ्या तोंडून फुटेना. मी म्हणाले, "जाताना घोंगडी न्या." काय ती अक्कल!

दुसऱ्या दिवशी पाऊस झोडपत होता, बायांचे हात मंदावले होते. मी मान वर न करताच बांधावर उभ्या यांना ओरडले, "अवं, ते तुमच्या पलटणीचं सांगा की, नदीचं."

एरवी ती गोष्ट सुरू झाली की मी उठून चुलीकडे जायची. आज पाय चिखलात रुतलेले.

आधी त्यांनी पलटणीची सगळी कुळकथा सांगितली. पणजोबांच्या काळात उभी राहिलेली, समुद्रापार लढून निम्मीच परतलेली. मग स्वतःची लढाई. थंडीतली नदी, छातीइतकं पाणी, डोक्यावर बंदुका, दोर घेऊन पुढं गेलेला यांचा जोडीदार.

"आन् मधोमध दोर सुटला," म्हणाले नि थांबले.

"मग?"

"रांग पुरी करा. मग सांगतो."

तशी रांग आमच्या खाचरात कधी लागली नव्हती! पुढचं मात्र त्यांनी हातातल्या दोरीकडे बघत सांगितलं. पलटण पलीकडे पोचली, जोडीदार पोचला नाही. बाया हातात रोपं धरून तशाच उभ्या राहिल्या.

जावेनं हळूच विचारलं, "त्येची आई हुती का?"

"हुती. दर सुट्टीला दोन दिवस तिच्याकडं जाऊन यायचो."

त्या दोन दिवसांवरून मी दर सुट्टीला भांडले होते. विचारलं मात्र कधी नव्हतं.

संध्याकाळी पौडच्या माणसानं मोटारसायकलवरूनच हाक मारली, "हवालदार, काय ठरलं?"

यांच्याआधी मीच बोलले, "त्यांना सवड न्हाई. अजून चार खाचरं राहिल्यात."

"आन् माजी पाच!" जाऊ म्हणाली. "त्या म्हातारीचं पुढं काय झालं, ते माज्या खाचरात सांगायचं, भावजी. हिच्या न्हाई."