दोन टेबलांमधली फट

सौदीत यान्बूला कंपाउंडमधल्या माझ्या घरी दर शुक्रवारी आठ-दहा पोरं मराठी शिकायला यायची. ती शिकवणी समोरच्या घरातल्या पुण्याच्या बाईंनी बंद पाडली. कंपाउंडच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, परवानगीशिवाय क्लास चालतो. दुसऱ्या दिवशी मॅनेजर दारात. "मॅडम, क्लास खलास." कुणी तक्रार केली तेही त्यानेच सांगितलं. बाई मात्र भेटल्या की साळसूदपणे विचारायच्या, "शिकवणी का गं बंद केलीस?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यांनी चारचौघांत कबूल करावं, एवढंच मला हवं होतं. आणि कबूल करताना रडल्या असत्या तर दुधात साखर.

शेजारी कॅनडाची एक बाई राहायची, मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाची. माझं गाऱ्हाणं ऐकून म्हणाली, "आमच्यात सूड घेत नाहीत."

"मग करता काय तुम्ही?" मी चिडूनच विचारलं.

चहा पिता पिता तिने सांगितलं. पाचेकशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंड-हॉलंडकडे काही लोक म्हणू लागले, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, ज्याने त्याने जाणतं झाल्यावर स्वतःहून घ्यावा. एवढ्यावरून त्यांना बुडवलं, जाळलं. या लोकांनी तरी हत्यार उचललं नाही. पुढे एका डच धर्मगुरूने त्यांना सावरलं, त्याच्यावरून हे नाव पडलं. सैन्यात जायचं नाही, शपथ घ्यायची नाही, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. त्यापायी रशियापर्यंत भटकले, तिथून कॅनडात आले.

माझी निराशाच झाली. "आणि आपल्यातलंच कुणी वाईट वागलं तर?"

"चूक कबूल करेपर्यंत त्याच्याबरोबर जेवायचं नाही. आम्ही आता पाळत नाही, जुन्या वळणाचे पाळतात."

म्हणजे वाळीत टाकायचं. मी सावरून बसले.

तिच्या आजोबांनी ट्रॅक्टरची लोखंडी चाकं काढून रबरी टायर बसवले होते. रबरी टायर आले की पोरं शहराकडे पळतील, म्हणून त्यांच्या जुन्या वळणाच्या वस्तीत टायरना बंदी. आजीने नवऱ्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही असं ठरलं. तिने दुसरं टेबल आणलं, मध्ये बोटभर फट ठेवली आणि दोन्हींवर एकच चादर अंथरली. चादरीकडे मी लक्ष दिलं नाही. मला फट आवडली.

दिवाळीच्या फराळाला मी सगळ्यांना बोलावलं, त्या बाईंनाही. मोठं टेबल आमचं आणि टोकाला, बोटभर अंतरावर, त्यांच्यासाठी छोटं. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांच्या आयांना बजावून ठेवलं, तिथे कुणी बसायचं नाही. बाई विचारतील, मी एकटीच इथे का? मग मी सगळ्यांसमोर सांगणार होते. आठवडाभर हेच मनातले मांडे खात होते.

कॅनडाची शेजारीण सगळ्यांच्या आधी आली. तिने टेबलं पाहिली, माझ्याकडे पाहिलं. घरी जाऊन पांढरी चादर घेऊन आली आणि दोन्हींवर अंथरली. तेवढ्यात पाहुणे आले. त्यांच्यादेखत चादर ओढून कशी काढणार?

बाई आल्या, टोकाला बसल्या, चकली मोडली. "किती छान मांडलंयस, अगदी पंगतीसारखं," म्हणाल्या. मग हळूच, "शिकवणी बंद पडली त्याचं मात्र वाईट वाटतं गं."

चिवड्याची वाटी पुढे करताना मी दुसऱ्या हाताने चादरीवरून चाचपलं. फट होती. तिच्यात बोट तसंच दाबून धरलं आणि म्हटलं, "घ्या ना, अजून घ्या."