उजवीकडून वाचणारे दाजी

दोन माणसांनी एकदाचा एकमेकांचा हात धरावा म्हणून आमच्या दाजींइतका जीव टाकणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. तीही माणसं जपानची आणि कागदावरची! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माल तपासतात. एक धागा सुटलेला दिसला तरी टॉवेल बाजूला काढतील, पण घरी भाजीत मीठ नसलं तरी मुकाट्याने जेवून उठतील. बोलणं त्यांनी मागांच्या खडखडाटात कधीच सोडून दिलंय, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्यांची लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची ‘मांगा’ पुस्तकांची, म्हणजे इंग्रजीत आलेल्या जपानी चित्रकथांची, पेटी घरी राहिली. वाळवी लागली का बघायला दाजींनी ती उघडली आणि हाताला आलेलं पुस्तक घेऊन बसले. ही पुस्तकं उजवीकडून वाचायची असतात, हे त्यांना कोण सांगणार? पहिल्याच पानावर लग्न, मग रुसवेफुगवे, मग हुरहूर आणि शेवटच्या पानावर दोघं बसथांब्यावर अनोळखी उभी. फोनवर ही गोष्ट ऐकून लेक हसून लोळायची बाकी राहिली. "उलटं वाचलंत की बाबा!" "उलटं कसलं?" दाजी म्हणाले, "आपल्यात असंच असतंय की. आदी लगीन, मग वळख." तिने मग त्यांना सरळ वाचायला शिकवलं.

तेव्हापासून दाजी वाहून गेले. इंग्रजी बेताचंच, पण पानंच्या पानं नुसतं लाजणं असल्यामुळे अडत नाही. एवढं काय आहे त्यात, असं मी एकदा विचारलं. "पावनं, ह्यात कुणी वाईटच न्हाय ओ. कोण कुणाला छळत न्हाय. पोरगी डबा करून आणती, आन् देऊ का नको ह्यातच अर्दं पुस्तक! पर डब्यावरनं तिचा सोभाव कळतोय बगा." एकदा त्यांचा चेहरा उतरलेला पाहून मी घाबरलो, कारखान्यात काही झालं की काय! तर पुस्तकातल्या पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "आज बी बोलला न्हाय ओ त्यो." त्या दिवशी जेवणही धड गेलं नाही त्यांना.

पुस्तकात पावसात दोघं एका छत्रीतून जातात. सोलापुरात पावसावर विसंबून कोण राहणार? दाजी भर एप्रिलात दुपारी छत्री घेऊन मंडईत अक्काला आणायला गेले. अर्धा खांदा उन्हात भाजत घरी आले आणि म्हणाले, "तुला काय आवडतंय गं?" बत्तीस वर्षांत पहिल्यांदा! अक्काने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मला फोन केला, "ह्यांची शुगर तपासून आण बाबा."

शुगर ठीक निघाली. परतताना दाजी स्कूटरवर माझ्या मागून बोलायला लागले. "तिला बगायला गेलो तवा मी पोह्याच्या बशीतनं मान वर काडली न्हाय. मामानंच इचारलं, मामानंच ठरवलं. 'कळवतो' म्हणलं आन् उठलो. मी पसंत हाय का, हे तिला कुणी इचारलंच न्हाय." मग म्हणाले, "आता इचारलं आन् न्हाय म्हणली तर?" अठ्ठावन्न वर्षांचा माणूस खरंच घाबरला होता.

रविवारी मला सोबतीला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून बसले, अक्काला पोहे करायला लावले. ती बशी घेऊन आली तशी तिला समोर बसवलं आणि मान वर करून विचारलं, "मी पसंत हाय का तुला?" माझी अक्का लाजली. हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. पदर सारखा करत ती म्हणाली, "इचार करून कळवते," आणि आत निघून गेली.

याला चार महिने झाले. अक्काने अजून काही कळवलेलं नाही. दाजी संध्याकाळी पुस्तक उघडून बसतात, कान मात्र स्वयंपाकघराकडे असतात. पोह्यांवर हल्ली खोबरं जरा जास्तच असतं. तिने इतक्यात कळवू नये, असं मला फार वाटतं. त्या रविवारी घरी आल्यावर तोच प्रश्न माझ्याही ओठांवर दोनदा आला. बायको समोरच बसली होती. मी भाजी काय आणायची ते विचारलं आणि पिशवी घेऊन बाहेर पडलो.