वाळूला हात लावून उठणारे पहारेकरी

गेल्या रविवारी दुपारी लेकीने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. जुन्या, विसरलेल्या हिंदी सिनेमांच्या पडद्यामागच्या गमती सांगणारा कुणी तरुण आहे… आणि त्याने नेमका तो सिनेमा घेतला होता.

ऐंशीच्या दशकातला सिनेमा. व्हिडिओ गेमची मशीन दुरुस्त करणारा हीरो त्याच मशीनच्या आत ओढला जातो, मग हाणामारी, विनोद, गाणी… फार चालला नाही. त्यात गेममधले पहारेकरी मरतात आणि परत उठतात, पण उठण्याआधी जमिनीला हात लावून तो कपाळाला लावतात. हे बहुतेक एखाद्या जपानी गेमवरून उचललं असावं, असं तो तरुण म्हणाला.

त्यातला पुढचा, ठेंगणा पहारेकरी म्हणजे माझे बाबा.

आम्ही तेव्हा ब्रह्मपुरीला राहायचो. मी चंद्रपूरला कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर, नववीत. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर आई खाटेला खिळलेली… छातीचं दुखणं होतं. नागपूरच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण उतार पडत नव्हता.

बाबा तहसील कचेरीत कारकून. धान घरात आलं, की आमच्या भागातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक. शेवटच्या अंकात त्यांना मरावंच लागायचं. त्यांच्या मंडळाची एक रीत होती… नाटकात मेलेल्याने उठताना आधी मातीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मगच उभं राहायचं. खोटं मरण तिथेच सोडून यायचं, घरी आणायचं नाही.

त्या सुट्टीत वैनगंगेच्या वाळूत शूटिंगवाले आले. कॉम्प्युटरची करामत तेव्हा कुठली… गेमसारखं चौकोनी जंगल दिसावं म्हणून प्लायवूडची झाडं कापून रंगवली होती. ती रंगवायला आमच्याकडचेच नाटकाचे पडदे रंगवणारे घेतले होते. गादीच्या फोमला चंदेरी रंग फासून चिलखतं केली होती. उन्हात त्या चिलखतांना सरसाचा उग्र वास यायचा.

पडून मरता येणारी माणसं हवी होती, म्हणून बाबांना बोलावणं आलं. त्यांचा चेहरा जवळून दिसणार होता. इतकी वर्षं कंदील आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात काम केलेला माणूस… त्या सकाळी त्यांनी दोनदा दाढी केली.

निघताना आईने एवढंच म्हटलं, “सिनेमा असो का काई असो, मातीले हात लावल्याबिगर उठू नका जी.”

“नाई उठत,” बाबा म्हणाले. “वचन देतो तुले.”

मी त्यांचा डबा घेऊन सोबत गेले होते.

पहिल्या शॉटला हीरोची लाथ बसली, बाबा सुरेख पडले. शिट्टी वाजली की स्प्रिंगसारखं ताडकन उठायचं होतं. पण बाबांचा हात आधी वाळूकडे गेला, मग कपाळाला. कट. पुन्हा घेतलं… पुन्हा तेच.

डायरेक्टर खुर्चीतून उठून आले. “भाईसाहब, मशीन हैं आप. मशीन कब से पूजा करने लगी?” सगळे हसले.

बाबा उभे राहिले. “साहेब, घर में बीमार है. उसको जुबान दिया हूँ.”

डायरेक्टर वाईट माणूस नसावा. पण उन्हं उतरत होती आणि त्यांना तो शॉट हवा होता. चिलखत दुसऱ्या कुणाला घाला, असं त्यांनी असिस्टंटला सांगितलं. बाबांनी वाद घातला नाही. ते स्वतःच खांद्यावरच्या दोऱ्या सोडायला लागले… गाठ सुटत नव्हती.

तेवढ्यात फाइट मास्टर पुढे आले. वयस्कर, एका पायाने लंगडणारे. त्यांनी बाबांचा हात धरून गाठ तशीच ठेवली. डायरेक्टरला म्हणाले, “सर, एक का हाथ अलग दिखता है, इसलिए गलती लगती है. सबसे करवाता हूँ. मशीन का कायदा बन जाएगा.”

मग त्यांनी सगळ्या पहारेकऱ्यांना वाळूत आडवं केलं. शिट्टीवर हात खाली, शिट्टीवर कपाळाला, शिट्टीवर उभं… झटक्याझटक्याने, एका तालात. खरंच खेळण्यातली माणसं वाटायला लागली. डायरेक्टरनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि शॉट घेतला.

संध्याकाळी आम्ही घरात शिरलो तर आईने उशीवरूनच विचारलं, “हात लावले का जी?”

“लावलो ना,” बाबा म्हणाले. “माह्यासंगं साऱ्यायनंच लावले.”

आई हसली. खूप दिवसांनी हसली.

संक्रांतीनंतर आई गेली. सिनेमा त्याच्याही पुढे केव्हातरी आला, तिने तो पाहिला नाही. माणसाचं मरण अशा रीतींनी टळत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं, सिस्टर आम्हाला हेच शिकवायच्या.

पण दुःखात माणूस कारण शोधतो… आणि बाबांसारख्या माणसाने तर ते आधी स्वतःतच शोधलं असतं. त्या दिवशी ते नुसते ताडकन उठले असते, तर उरलेलं आयुष्य त्यांनी स्वतःला माफ केलं नसतं. आईसाठी ते खूप रडले, पण त्या रडण्यात अपराधीपणा नव्हता. पुढची पंचवीस वर्षं ते शांत मनाने जगले, आणि नाटकंही करत राहिले.

त्या मास्टरजींचं नाव मला माहीत नाही, व्हिडिओतल्या तरुणालाही नसावं. आम्हाला त्यांनी काय दिलं, हे त्यांना बहुधा कधी कळलंच नाही… म्हणून आज इथे लिहिलं.